नाचोज, पानाचा चुना आणि वर्ध्याचे खानखोजे

पुण्यात मेक्सिकन खायला गेलं की टेबलावरचं कुणीतरी एक वाक्य हमखास टाकतं, "पण हे काही खरं मेक्सिकन नाही हं." असं म्हणणारा बहुतेक वेळा अमेरिकेत दोन-तीन वर्षं काढून आलेला असतो, मेक्सिकोत त्याने पाऊल ठेवलेलं नसतं. बाकीचे माना डोलावतात आणि चीजच्या तारा ओढत खात राहतात. मला मात्र या वाक्याचा कंटाळा येत नाही. माझ्या पीएचडीचा विषय मक्याच्या दाण्यातली प्रथिनं हा आहे, आणि मका मूळचा मेक्सिकोचा. त्यामुळे कोरेगाव पार्क किंवा बाणेरच्या अशा रेस्टॉरंट-बारमध्ये मित्रमंडळी नाचोज मागवतात तेव्हा माझ्या डोक्यात लॅब सुरू होते. मैत्रिणी म्हणतात, "आता हिला कुणी मक्याबद्दल विचारू नका."

तुम्हीही विचारलेलं नाही, पण सांगते. त्या टेबलावरच्या कुठल्या गोष्टी खरंच मेक्सिकोहून आल्या, कधी आल्या, आणि महत्त्वाचं म्हणजे काय तिथेच राहून गेलं, हे बघायचं तर मेनूकार्डाइतकं चांगलं साधन नाही.

आधी ड्रिंक्स येतात, म्हणून सुरुवात मार्गारिटापासून. ग्लासाच्या कडेला मीठ, आत टकीला आणि लिंबू, आणि बर्फाचा गोळा विरघळल्यासारखी ती गार गर्गटी. ही गर्गटी मेक्सिकोतली नाही. टेक्सासमधल्या डॅलस शहरात मारियानो मार्तिनेझ नावाच्या हॉटेलमालकाने १९७१ साली सॉफ्ट आइस्क्रीमचं मशीन जुळवून घेऊन त्यातून मार्गारिटा काढली. ते मशीन आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. टकीला मात्र पक्की मेक्सिकन. निळ्या अगेव्हच्या गड्ड्यापासूनच ती बनली पाहिजे, आणि तीही हालिस्को राज्यात किंवा आणखी चार राज्यांच्या ठरलेल्या भागात, असा तिथला कायदा आहे. हे झाड वर्षानुवर्षं साखर साठवत बसतं, आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. फुलायच्या आधी त्याचा गड्डा काढला तर ती सगळी साखर हाती लागते.

आता हे 'अगेव्ह' म्हणजे काही परग्रहावरचं झाड नव्हे. सोलापूरकडे जाताना रेल्वेच्या कडेला, माळावर, शेताच्या बांधावर तलवारीसारखी जाड काटेरी पानं वर काढून जे झुडूप बसलेलं असतं ते घायपात किंवा केकताड, ते याच कुळातलं आणि तेही मेक्सिकोकडचंच. आपल्याकडे ते कुंपणासाठी आणि वाखासाठी रुजलं. मातंग समाजातले कारागीर पिढ्यानपिढ्या केकताडाच्या वाखाचे दोर वळत आले. बैलाची वेसण, मोटेचा नाडा, गाडीचं आवळण, सगळं त्यातून. एकाच जातीच्या झाडांतून तिकडे दारू निघाली आणि इकडे दोर निघाला. दारूही निघू शकते म्हणा. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात दख्खनच्या पठारावरच्या अगेव्हपासून मद्य काढायला सुरुवात झालेली आहे. फक्त त्याला टकीला म्हणता येत नाही.

जाता जाता एक गंमत. लग्नाच्या हारात आणि गजऱ्यात असतो तो निशिगंधही मेक्सिकोचा, आणि अलीकडच्या वर्गीकरणात वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला अगेव्हच्याच प्रजातीत टाकलंय. म्हणजे टेबलावरच्या ग्लासातली टकीला आणि फुलदाणीतला निशिगंध एकमेकांचे भाऊबंद निघाले. दसऱ्याचा झेंडू तिकडचाच. तिथे तो पितरांच्या दिवशी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, समाध्यांवर वाहतात.

मग नाचोज. "खरं मेक्सिकन नाही" या आरोपातला पहिला आरोपी हाच. नाचो हे इग्नासिओ या नावाचं लाडकं रूप, आपल्याकडे ज्ञानेश्वरचा माउली किंवा ज्ञाना होतो तसं. इग्नासिओ अनाया हा पिएद्रास नेग्रास या गावातल्या हॉटेलात काम करत होता. गाव मेक्सिकोत, पण नदी ओलांडली की टेक्सास. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला, युद्धाच्या काळात, पलीकडच्या अमेरिकन लष्करी तळावरच्या काही बायका खायला आल्या आणि आचारी जागेवर नव्हता. अनायाने तळलेल्या तोर्तियाच्या तुकड्यांवर चीज आणि मिरचीचे काप घालून ते भाजून पुढे केले. तर नाचोज मेक्सिकोच्या भूमीवर, मेक्सिकन माणसाने, अमेरिकन गिऱ्हाइकासाठी केलेला पदार्थ आहे. याला खरा म्हणायचं की खोटा? सरहद्दीवरच्या स्वयंपाकाला असे प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. निपाणीच्या जेवणाला मराठी म्हणाल की कानडी?

पुण्यात आलेलं मेक्सिकन हे बहुतेक याच सरहद्दीवरचं, टेक्सासमार्गे आलेलं. पिवळं चीज, राजमा, मैद्याच्या पोळ्या आणि भरपूर जिरं. आपल्याला ते पहिल्या घासातच ओळखीचं वाटतं त्याचं अर्धं कारण हे जिरं. उरलेलं अर्धं कारण जुनं आहे, आणि ते वाटीतल्या साल्सामध्ये आहे.

साल्सा म्हणजे टोमॅटो, मिरची, कांदा, कोथिंबीर, लिंबू. यातला टोमॅटो आणि मिरची मेक्सिकोची, बाकी तिघं स्पॅनिश लोकांनी तिकडे नेलेली. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० साली. तेव्हाच्या मराठी स्वयंपाकघरात मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, बटाटा, शेंगदाणा, मका यातलं काही नव्हतं. तिखटपणा मिरीचा आणि पिंपळीचा. 'मिरची' हा शब्दसुद्धा मिरीवरूनच आलाय. नवीन वस्तूला जुन्या ओळखीच्या वस्तूचं नाव चिकटलं. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी आज जिथे मेक्सिको सिटी आहे ती अझ्टेकांची राजधानी पाडली, आणि पुढच्या काही दशकांत पोर्तुगीज जहाजांतून अमेरिका खंडातली बियाणी आपल्या किनाऱ्याला लागली. लवंगी, ब्याडगी, संकेश्वरी ही सगळी मंडळी ज्या एका जातीची आहेत ती मिरचीची जात मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी माणसाळवलेली. आल्फ्रेड क्रॉस्बी या इतिहासकाराने १९७२ साली या सगळ्या उलथापालथीला 'कोलंबसाची देवाणघेवाण' असं नाव दिलं.

शब्दही आले. 'टोमॅटो' आणि 'चॉकलेट' हे अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतून आलेत हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण आपला 'चिकू'ही त्याच भाषेचा वारस आहे हे कळलं तेव्हा मला फार मजा वाटली होती. डहाणू-घोलवडचा चिकू, आणि नाव पार मेक्सिकोतल्या जुन्या लोकांचं.

भाजलेली मिरची, भाजलेला टोमॅटो आणि मीठ दगडी खलात ठेचून केलेला साल्सा तिकडच्या घराघरांत होतो. तो खल तीन पायांचा असतो एवढाच फरक, बाकी आपला ठेचा. आणि पुण्यातला सगळ्यात मेक्सिकन पदार्थ कुठला असं मला विचाराल तर मी कुठल्याही रेस्टॉरंटचं नाव घेणार नाही. पावसात खडकवासल्याला निखाऱ्यावर भाजलेलं कणीस, वर लिंबाच्या फोडीने चोळलेलं तिखट-मीठ. मेक्सिको सिटीच्या फुटपाथवर याला एलोते म्हणतात. तिथे वर चीज आणि मेयॉनीज घालतात, आपण घालत नाही, ते बरंच आहे.

आता मुख्य गोष्ट, तोर्तिया.

वेटरला मी एकदा विचारलं होतं, टाकोची पोळी कशाची? तो प्रामाणिक होता. "मॅडम, मक्याचं पीठ, आणि वळावी म्हणून थोडा मैदा." या 'वळावी म्हणून'मध्ये माझा अख्खा विषय आहे. मक्यात ग्लूटेन नाही. ज्वारी-बाजरीतही नाही, म्हणून आपण भाकरीचं पीठ कडक पाण्यात भिजवतो. गरम पाण्याने पिठातला थोडा स्टार्च चिकट होतो आणि भाकरी थापता येते. मक्याची भाकरी तरीही चिरतेच, तिला जपून उचलावं लागतं. मग मेक्सिकोत कागदासारखी पातळ, गुंडाळता येणारी, मैदा नसलेली मक्याची पोळी कशी होते?

चुन्यामुळे. सुके दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि ओले वाटतात. याला निश्तमाल म्हणतात. नाहुआत्लमध्ये राख आणि पिठाचा गोळा यांच्यासाठीचे शब्द जोडून हे नाव झालंय, कारण चुना नसला तर लाकडाची राखही चालते. मध्य अमेरिकेत हे तंत्र निदान तीन हजार वर्षांचं आहे. चुन्याचं पाणी अत्यंत अल्कधर्मी असतं. त्यात दाण्याच्या सालीतलं हेमिसेल्युलोज विरघळतं, साल सुटते, आणि हाच विरघळलेला भाग डिंकासारखा पीठ धरून ठेवतो. कॅल्शियम पिठात मुरतं ते वेगळंच.

पण खरी करामत डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, असतं. पण ते अशा साखळ्यांत अडकलेलं असतं की आपल्या आतड्याला ते सोडवता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून नायसिन स्वतः बनवतं. मक्याचं मुख्य प्रथिन आहे झेइन आणि त्यात ट्रिप्टोफॅन जवळजवळ नाहीच. (झेइनशी माझं गेली चार वर्षं भांडण चालू आहे.) दोन्ही दारं बंद. चुना यातलं पहिलं दार उघडतो, अडकलेलं नायसिन मोकळं करतो.

मेक्सिकोतल्या बायकांना जीवनसत्त्व हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी पिढ्यानपिढ्या मका चुन्यात शिजवला आणि मका हेच मुख्य अन्न असूनही लोक धडधाकट राहिले. युरोपीय लोकांनी मात्र दाणे उचलले आणि कृती तिथेच सोडली. त्यांच्या दृष्टीने ते स्थानिक बायकांचं पाट्यावरचं काम होतं, त्यात नोंदवण्यासारखं काय? दोनशे वर्षांत त्याची किंमत दिसली, पण ती गरिबांनी मोजली. स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरने १७३५ साली मक्यावर जगणाऱ्या शेतमजुरांमध्ये एक रोग नोंदवला: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल-काळे चट्टे, जुलाब, मग भ्रम, मग मृत्यू. इटलीत त्याला पेलाग्रा नाव पडलं, म्हणजे खरखरीत कातडी. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत अमेरिकेच्या दक्षिण भागात सुमारे ३० लाख लोकांना तो झाला आणि लाखभर माणसं गेली असा अंदाज आहे. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर १९१४ पासून ओरडून सांगत होते की हा संसर्ग नाही, जेवणातली उणीव आहे. पटायला वेळ लागला. नायसिन हेच ते औषध, हे १९३७ मध्ये स्पष्ट झालं. गंमत नव्हे, शोकांतिका ही की उपाय चार शतकं आधीपासून त्याच दाण्याच्या मूळ गावी रोज चुलीवर रटरटत होता.

पेलाग्रा आपल्यालाही अनोळखी नाही. दख्खनमध्ये तो ज्वारी खाणाऱ्या गरिबांमध्ये दिसायचा. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते नायसिनच्या वापरात आडवं येतं. या सिद्धांतावर पुढे बराच वाद झाला, पण रोग खरा होता. मला यात आपल्या भाकरीबरोबरच्या शेंगदाण्याच्या चटणीचं कौतुक वाटतं. शेंगदाणा हाही दक्षिण अमेरिकेचा पाहुणा, आणि नायसिनने भरलेला. ज्याच्या ताटात भाकरीशेजारी चटणीचा गोळा आणि वरणाची वाटी होती त्याचं बरं चाललं. ज्याला नुसती भाकरी आणि मिरचीच परवडत होती, त्याचं नाही.

आणि चुना? चुना काय आपल्याकडे कमी होता? आजीच्या पानाच्या डब्यात चुना, आजोबांच्या चंचीत चुना, भिंतीला चुना, गुऱ्हाळात उसाचा रस निवळायला चुना. कोहळ्याच्या पेठ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवून कडक करतात, म्हणजे चुना आणि अन्न यांची गाठ घालणंही आपल्याला येत होतं. मका आला, चुना घरात होताच, दोघं चारशे वर्षं एकाच घरात राहिले आणि त्यांची भेट झाली नाही. माझ्या मते याचं कारण सोपं आहे. जहाजातून पोती आली. ते पोतं कसं शिजवायचं हे ज्या बायकांना ठाऊक होतं त्या आल्या नाहीत.

हा प्रयोग मी घरी करून पाहिलाय आणि तुम्हीही करू शकता. एक किलो सुका पिवळा मका, दहा ग्रॅम खायचा चुना, तीन लिटर पाणी. पातेलं स्टीलचं घ्या, अॅल्युमिनियमचं नको, क्षाराने ते झिजतं. मंद आचेवर पाऊण तास उकळा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी हळदीसारखं पिवळं झालेलं असतं आणि दाणा बोटात चोळला की साल निसटते. तीन-चार पाण्यांनी धुऊन वाटा. मिक्सर दमतो, आईने शेवटी पाटा-वरवंटा काढला. मेक्सिकोत याच कामाला मेताते नावाचा पाटा असतो, तो थोडा तिरका असतो एवढंच. पीठ मळल्यावर आई म्हणाली, "अगं, हे मोदकाच्या उकडीसारखं लागतंय हाताला." थापलं तर कडा चिरल्या नाहीत, तव्यावर टम्म फुगली. वास ओळखीचा आणि तरीही नवा, ओल्या मातीसारखा. दुकानातल्या नाचोजच्या पाकिटामागे घटकांमध्ये कधी 'लाइम' लिहिलेलं दिसलं तर लगेच लिंबू समजू नका. तो बऱ्याचदा हाच चुना असतो.

बी आलं आणि माणूस आला नाही असं मी म्हटलं खरं. पण एक माणूस उलट दिशेने गेला होता, आणि तो मराठी होता.

पांडुरंग सदाशिव खानखोजे वर्ध्याचे. तरुणपणी टिळकांच्या विचारांनी भारलेले. देश सोडण्याआधी ते टिळकांना भेटले, आणि टिळकांनी त्यांना जपानला जायचा सल्ला दिला. तिथून ते अमेरिकेला पोचले, ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कॉलेजांत शेतकीशास्त्र शिकले आणि त्याच वेळी गदर पार्टीच्या उभारणीत पडले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे, ज्यांना १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली, ते याच चळवळीतले त्यांचे सहकारी. पहिल्या महायुद्धात खानखोजे इराणात इंग्रजांविरुद्ध लढले, मग बर्लिन, मॉस्को. मायदेशी परतायचं दार बंद झालेलं होतं. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले.

तिथे मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. क्रांती नुकतीच होऊन गेलेली, जमिनी वाटल्या जात होत्या आणि जमीन मिळालेल्या शेतकऱ्याला पुढे काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. खानखोजे यांनी मक्यावर काम केलं, गव्हावर केलं. मक्याचा रानटी पूर्वज तेओसिंते आणि मका यांचे संकर केले, नव्या जाती काढल्या. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उघडल्या, त्यांना क्रांतिकारक झापाताचं नाव दिलं. तीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या मक्याचे आणि कामाचे फोटो काढले. तेओसिंतेचा विषय माझ्या क्षेत्रात आजही संपलेला नाही. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी त्या बारक्या, टणक दाण्यांच्या गवतापासून शेतकऱ्यांनी कणीस कसं घडवलं यावर अजून पेपर निघतात. शंभर वर्षांपूर्वी वर्ध्याचा एक माणूस त्याच गवताचे तुरे हातात घेऊन बसला होता, हे मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कळलं. कुठल्याही पाठ्यपुस्तकातून नाही, ग्रंथालयात भलतंच काही शोधताना.

दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर १९२८ पर्यंत जी भित्तिचित्रं रंगवली, त्यात 'आमची रोजची भाकर' अशा अर्थाच्या नावाचं एक चित्र आहे. एक मोठं टेबल, भोवती कष्टकरी माणसं, आणि मधोमध भाकर मोडून वाटणारा एक सावळा माणूस. तो चेहरा खानखोजेंचा. मेक्सिकन जेवणाच्या टेबलावर यजमानाच्या जागी एक वऱ्हाडाकडचा माणूस बसलाय, आणि आपण पुण्यात 'खरं-खोटं' करत बसलोय.

खानखोजेंना स्वातंत्र्यानंतरच भारतात येता आलं. ते नागपूरला स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. त्यांची मुलगी सावित्री साहनी यांनी त्यांचं चरित्र लिहिलंय. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसला.

यानंतर मेनूवर येतो बरिटो. गव्हाची मोठी पोळी, आत भात, राजमा, भाज्या. चोखंदळ लोक याला सगळ्यात जास्त नाकं मुरडतात, कारण गहू मेक्सिकोचा नव्हेच, तो स्पॅनिश लोकांनी नेला. खरं आहे. पण उत्तर मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतात गहू इतका रुजला की तिथली तोर्तिया गव्हाचीच. आता पुढचं बघा. खानखोजे जिथे शिकवत होते त्याच चापिंगोत १९४०च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने पीकसुधारणेचं केंद्र सुरू झालं आणि १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग तिथे रुजू झाले. त्यांच्या बुटक्या गव्हाच्या जाती बहुतेक सोनोराच्या शेतांत घडल्या. दुष्काळाच्या सावटात भारताने १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं, लेर्मा रोहो ६४ आणि सोनोरा ६४. मेक्सिकोतूनच आलेल्या वाणांतून इथे सोनालिका आणि कल्याण सोना निवडले गेले. आणि सोनालिका ही लोक-१ या जातीची एक पालक. भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत ती तयार झाली. पुण्यातली घरं उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरताना 'लोकवन आहे का?' विचारतात, तो हाच. म्हणजे बरिटो सोडा, आपली रोजची पोळीच अर्धी सोनोराची आहे.

या खेपेला बियाण्याबरोबर माहितीही आली, शास्त्रज्ञ आले-गेले, खताचं आणि पाण्याचं गणित आलं. त्यातून धान्य वाढलं आणि ज्वारी मागे पडली, विहिरी खोल गेल्या, तो वेगळा लेख.

राजम्याबद्दल दोनच वाक्यं. तोही मेक्सिकोकडचा, घेवड्याच्या कुळातला. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन आहे. कोरेगाव पार्कातल्या बरिटोत कोरेगावचा घेवडा घालायला कुणाची हरकत असू नये.

शेवटी गोड. मेनूवर बहुतेक चुर्रो असतात, चॉकलेटमध्ये बुडवून खायचे. चुर्रो स्पेनचे. ज्या गोडाला खरं म्हणजे तिथे जागा हवी ते मी अजून कुठल्या मेनूवर पाहिलेलं नाही. मेक्सिकोत त्याला आलेग्रिया म्हणतात, म्हणजे आनंद. फुलवलेल्या बारीक दाण्यांची मधात किंवा पाकात बांधलेली वडी, रस्त्यावर विकली जाते. ते दाणे राजगिऱ्याचे. अझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड चीक मिसळून देवांच्या मूर्ती करत आणि पूजा झाली की त्या मोडून प्रसाद म्हणून खात. स्पॅनिश पाद्र्यांना हे आपल्या चर्चमधल्या प्रसादाची टिंगल वाटली, त्यांनी त्यावर डोळे वटारले, आणि एके काळी खंडणीत गोळा होणारं हे धान्य डोंगरातल्या छोट्या शेतांपुरतं उरलं. इकडे तेच धान्य एकादशीला चालतं. तुळशीबागेजवळच्या कुठल्याही दुकानात लाडू मिळतो, गुळाचा, बहुतेक प्लास्टिकच्या पाकिटात चार-चार घातलेला.